पहिल्यांदा डॅफोडिल लावताना: कंद निवडण्यापासून पात वाळेपर्यंत

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरचं पीक कांदा. लग्नानंतर लंडनच्या वायव्येला हॅरोत राहायला आले आणि पहिल्याच मार्चमध्ये डॅफोडिल पाहिले. रेल्वेच्या उतारावर, चर्चच्या आवारात, कुणी मुद्दाम पाणी घालत नसेल अशा रस्त्याकडेच्या गवतात पिवळ्या फुलांचे ताटवे. चार-पाच महिने करडं आभाळ बघून मन विटलेलं असतं, त्यात हा रंग समोर आला की आपल्या दारातही तो हवाच असं वाटतं. त्याच वर्षी सप्टेंबरात मी तीस कंद लावले. पुढच्या मार्चला फुलं भरभरून आली. त्याच्या पुढच्या मार्चला नुसती हिरवी पात, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी पातच.

तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. डॅफोडिल लावणं सोपं आहे. पहिल्या वर्षी फूल बहुधा येतंच, कारण ते कंदात तयार होऊन आलेलं असतं. सप्टेंबरात आणलेला एखादा कंद मधोमध उभा कापून बघा. पांढऱ्या पापुद्र्यांच्या आत गव्हाच्या दाण्याएवढी फिकट कळी दिसते. ती कळी त्याआधीच्या उन्हाळ्यात, कुणा शेतकऱ्याच्या वावरात, पातीनं साठवलेल्या अन्नावर घडलेली असते. पुढच्या वर्षीची कळी मात्र तुमच्या दारात घडायची असते. म्हणून डॅफोडिलची खरी निगा फुलं सुकल्यावर सुरू होते. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

लेख मुख्यतः ब्रिटनमध्ये नव्यानं आलेल्यांसाठी आहे. आयर्लंड, नेदरलँड्स, जर्मनी इथेही जवळपास हेच वेळापत्रक चालतं. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी लावणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, माती गार झाल्यावर करतात. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे.

सगळ्यात आधी: कंद स्वयंपाकघरात ठेवू नका

माझी आई दिवाळीला आली होती. लावायचे राहिलेले पाच-सहा कंद मी जाळीच्या पिशवीत, बटाट्यांच्या टोपलीशेजारी ठेवले होते. सकाळी पोह्यांसाठी तिनं त्यातला एक घेतला, साल काढलं आणि चिरायला लागली. दोन-तीन कापांनंतर थांबून म्हणाली, "अगं, हा कसला कांदा? डोळ्याला लागत नाही, वासही नाही, आणि सुरीला चिकट लागतोय." मी धावत गेले. जन्मभर कांदा हाताळलेली बाई म्हणून तिला फरक कळला. एखाद्या घाईत असलेल्या माणसानं तो सरळ कढईत टाकला असता.

डॅफोडिलचं सगळं झाडच विषारी आहे, आणि कंद सगळ्यात जास्त. त्यात लायकोरिन नावाचं द्रव्य असतं. पोटात गेलं की मळमळ, उलट्या, पोटदुखी, जुलाब सुरू होतात. शिजवून ते जात नाही. २००९ मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या एका प्राथमिक शाळेत कांद्यांबरोबर डॅफोडिलचा कंद सुपात गेला आणि मुलं आजारी पडली. २०१५ मध्ये इथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेनं सुपरमार्केटांना कळवलं होतं की डॅफोडिल भाज्यांपासून लांब मांडा, कारण कळ्यांच्या जुड्या लोक भाजी समजून नेत होते.

आपल्याकडे कांदा आणि कांद्याची पात रोजच्या स्वयंपाकात, त्यामुळे आपल्याला धोका जास्त. फरक असा ओळखा: कांद्याची पात पोकळ, नळीसारखी असते आणि चुरगळली की वास येतो. डॅफोडिलची पात चपटी, पट्टीसारखी, बिनवासाची. कंदावर तपकिरी कागदी साल असतं, मान लांबट असते, कापला की बुळबुळीत चीक येतो. तो चीक हाताला लागूनही अनेकांना खाज सुटते आणि पुरळ उठतं, म्हणून हातमोजे घाला. चुकून कुणाच्या पोटात गेलंच तर ब्रिटनमध्ये लगेच १११ ला फोन करा, त्रास जास्त असेल तर ९९९ ला. कुत्र्या-मांजरांनाही हे विष बाधतं. फुलदाणीतलं पाणीसुद्धा त्यांच्या तोंडाशी येणार नाही असं ठेवा.

पिशवीवर ठळक अक्षरांत मराठीत लिहा: "फुलाचे कंद. खायचे नाहीत." आलेल्या पाहुण्यांना इंग्रजी लेबल वाचायची सवय नसते.

लागणारं सामान

- कंद (पहिल्या वर्षी २० ते ३० पुरेत)
- खुरपं, जमीन कडक असेल तर फावडं
- रबरी हातमोजे
- कुंडीत लावणार असाल तर खाली भोकं असलेली, निदान २५ ते ३० सेंमी खोल कुंडी
- पीट-विरहित (म्हणजे दलदलीतून काढलेली कुजकी माती न घातलेल्या) मल्टिपर्पज कंपोस्टची पिशवी
- ग्रिट, म्हणजे बागकामाची बारीक खडी
- टोमॅटोसाठी मिळणारं द्रवरूप खत
- नावाच्या पट्ट्या आणि न पुसणारं पेन

कंपोस्टबद्दल एक खुलासा. आपल्याकडे कंपोस्ट म्हटलं की कुजवलेलं खत डोळ्यांसमोर येतं, जे मातीत मूठ-मूठ मिसळायचं. इथे दुकानात पिशवीवर 'मल्टिपर्पज कंपोस्ट' लिहिलेलं असतं ते कुंडीत थेट भरायचं मिश्रण असतं. ते मातीऐवजी वापरायचं, खताऐवजी नाही. माझ्या ओळखीच्या दोघींनी ते खत समजून बागेतल्या चिकणमातीच्या कुंडीवर वरून थर दिला आणि कंद आत सडले.

१. वेळापत्रक आधी डोक्यात बसवा

आपल्या सणांशी जोडलं की लक्षात राहतं. गणपती उठले की कंद आणायचे. दसऱ्याच्या आसपास लावायचे. दिवाळी उलटली तरी घाबरू नका. जमीन गोठलेली नसेल तर नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत लावता येतात, फक्त फूल उशिरा आणि जरा आखूड दांड्यावर येतं. संक्रांतीला हिरवे कोंब दिसतात. शिमगा ते गुढीपाडवा हा फुलांचा काळ. वटपौर्णिमेपर्यंत पात वाळलेली असते.

इतक्या लवकर लावायचं कारण मुळं. डॅफोडिलची मुळं शरद ऋतूतच, माती अजून थोडी कोमट असताना फुटतात. त्यानंतर कंदाला साधारण १२ ते १६ आठवडे थंडी लागते, ९ अंशांच्या खालची. ती मिळाली की आतला दांडा लांबतो. शेजारी ट्यूलिप लावायचे असतील तर ते नोव्हेंबरात लावा. दोन्ही एकाच दिवशी उरकून टाकायचा मोह टाळा.

हा लेख तुम्ही मार्चमध्ये वाचत असाल आणि कंदांची वेळ गेली असेल, तर सुपरमार्केटात कळ्यांसकट मिळणारी छोटी कुंडी आणा. फुलं झाली की फेकू नका. नवव्या पायरीपासून पुढे वाचा आणि कंद वाचवा.

२. जात निवडा

रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी, म्हणजे आरएचएस, डॅफोडिलांचे १३ विभाग मानते आणि नोंदवलेल्या जाती हजारोंनी आहेत. पहिल्या वर्षी तुम्हाला चार-पाच नावं पुरतील.

'टेट-आ-टेट' सगळ्यात आधी घ्या. १५ ते २० सेंमी उंची, एका दांड्यावर बऱ्याचदा दोन फुलं, वाऱ्यात पडत नाही, कुंडीत आणि खिडकीबाहेरच्या पेटीत उत्तम. फेब्रुवारीच्या शेवटी फुलायला लागतो. मी इतक्या जाती लावल्या, पण भरवशाचा म्हणाल तर हाच.

आपण रस्त्याकडेला बघतो तसं मोठं, कर्ण्यासारखं पिवळं फूल हवं असेल तर 'कार्लटन' किंवा 'डच मास्टर'. 'कार्लटन' गवतात वर्षानुवर्षं टिकून पसरतो. दोन्ही उंच आहेत, वारा लागणाऱ्या बाल्कनीत लावू नका.

वासासाठी 'थेलिया' आणि 'चिअरफुलनेस'. 'थेलिया' पांढराशुभ्र, एका दांड्यावर दोन-तीन फुलं, एप्रिलमध्ये फुलतो. 'चिअरफुलनेस'ची फुलं भरगच्च पाकळ्यांची, आणि वास गोड. निशिगंधाची आठवण येणाऱ्यांनी हा दाराजवळ लावावा. सगळ्यात शेवटी, एप्रिलअखेर, 'ॲक्टिया' येतो: पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळी वाटी, तिला लाल काठ.

टेट-आ-टेट, कार्लटन, थेलिया, ॲक्टिया असा क्रम लावला की फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या शेवटापर्यंत दारात काही ना काही फुललेलं राहतं. वेल्समध्ये राहत असाल तर तिथलाच 'टेन्बी' डॅफोडिल शोधा. डॅफोडिल हे वेल्सचं राष्ट्रीय फूल आहे आणि १ मार्चला, संत डेव्हिडच्या दिवशी, लोक ते छातीला लावतात.

'पेपरव्हाइट' नावाचा प्रकार वेगळा आहे. त्याला थंडी लागत नाही, घरातच खडीच्या वाडग्यात फुलतो आणि इंग्लंडच्या हिवाळ्यात बहुतेक ठिकाणी बाहेर टिकत नाही. दुकानात तो शेजारीच मांडलेला असतो, म्हणून नाव वाचून घ्या.

३. कंद पारखून घ्या

कांद्याची पारख असेल तर इथे ती कामी येते. कंद हातात घेऊन बूड आणि मान दाबा. टणक हवा, हाताला जड लागला पाहिजे. बुडाशी मऊ, चॉकलेटी डाग असेल तर परत ठेवा. बाजूचेही बघून घ्या, कारण सड एकातून दुसऱ्यात पसरते. साल सुटलेलं असेल तर हरकत नाही. मानेतून थोडा पिवळट कोंब दिसत असेल तरी चालतो.

आकार सेंटिमीटरमध्ये, घेराप्रमाणे लिहिलेला असतो: १२/१४, १४/१६ असा. मोठ्या जातींचा कंद १२ च्या खाली घेऊ नका. स्वस्त मोठ्या पिशव्यांमध्ये बहुधा गोल्टीच, म्हणजे बारीक कंदच, भरलेली असते. तिला पहिल्या वर्षी नुसती पात येते आणि तुम्हाला वाटतं आपलंच काही चुकलं. 'टेट-आ-टेट'चा कंद मुळातच लहान असतो, त्याला हा नियम लावू नका. जोडकांद्यासारखे दोन नाकांचे कंद मिळाले तर जरूर घ्या. प्रत्येक नाकातून दांडा येतो. कांद्यात जोड आला की भाव पडतो, इथे जोडाचा भाव जास्त.

आणल्यावर लगेच लावणार नसाल तर प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढा. कागदी पिशवीत किंवा जाळीत, हवेशीर, कोरड्या, गार जागी ठेवा. कांदाचाळीचं तत्त्व तेच इथे: वारा खेळला पाहिजे.

४. जागा आणि माती

दिवसातून निदान अर्धा वेळ ऊन येईल अशी जागा हवी. मोठ्या पानझडीच्या झाडाखाली चालतं, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाला पानं नसतात. भिंतीच्या उत्तरेला, कायम सावलीत, पहिल्या वर्षानंतर फुलं कमी होत जातात.

पाणी साचणारी जागा नको. लंडनच्या बऱ्याच भागात चिकणमाती आहे. पावसाळ्यात आपल्याकडची काळी जमीन चिकटते तशीच बुटाला चिकटते. अशा मातीत प्रत्येक कंदासाठी वेगळा खड्डा करू नका, त्यात वाटीसारखं पाणी साठतं. एक हात रुंदीचा पट्टाच खणा, त्यात ग्रिट आणि कुजलेला पालापाचोळा मिसळा, मग लावा. ताजं शेणखत किंवा घोड्याची लीद घालायची नाही, कंद सडतात. हाडांचा चुरा घालायला कुणी सांगेल. लंडनमध्ये त्या वासानं कोल्हे रात्री येऊन वाफा उकरतात. मी तो वापरत नाही.

भाड्याच्या घरात असाल तर जमीन खणण्यापूर्वी घरमालकाला विचारा, आणि विचारायचं नसेल तर कुंड्याच बऱ्या. घर बदललं की बरोबर नेता येतात.

५. जमिनीत लावणी

कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा. म्हणजे ५ सेंमीचा कंद असेल तर १५ सेंमी, आणि कंदाच्या डोक्यावर १० सेंमी माती. नवे लोक बहुतेक कांद्यासारखे वर-वर लावतात. वर लावलेला कंद उन्हाळ्यात तापतो, लवकर बारीक-बारीक पिल्लांत फुटतो आणि फुलं थांबतात.

टोक वर, मुळांची चकती खाली. चकतीवर मागच्या वर्षीच्या वाळक्या मुळांची दाढी असते, त्यावरून ओळखा. दोन कंदांत १० सेंमी अंतर. सरळ ओळीत लावले तर कांद्याचा वाफा दिसतो. पाच-सात-नऊ कंदांचे पुंजके करा. शेजारच्या आजींनी मला सांगितलं होतं की मूठभर कंद जमिनीवर हलकेच टाकायचे आणि जिथे पडतील तिथेच लावायचे. अजून मी तसंच करते.

माती लोटून तळव्यानं दाबा, पाऊस नसेल तर एकदा भरपूर पाणी द्या. आणि तिथे नावाची पट्टी खोचाच. जानेवारीपर्यंत वर काहीच दिसत नाही, आणि मधल्या काळात तुम्हीच तिथे दुसरं काही लावायला जाऊन कंद कापाल. खारींची काळजी नको. त्या ट्यूलिप आणि क्रोकसचे कंद फस्त करतात, डॅफोडिल खात नाहीत. ताजी माती दिसली की उकरतात एवढंच, म्हणून पहिले काही दिवस वर जाळी अंथरा.

६. कुंडीत लावणी

तीन भाग कंपोस्ट, एक भाग ग्रिट. खोली तेवढीच, अंतर मात्र कमी चालतं: कंद एकमेकांना आणि कुंडीच्या कडेला चिकटणार नाहीत इतपत. ३० सेंमीच्या कुंडीत 'टेट-आ-टेट'चे १५ पर्यंत मावतात.

कुंडीखाली ताटली ठेवू नका. विटेचे तुकडे देऊन ती थोडी उचला, म्हणजे हिवाळ्यातलं पाणी निघून जाईल. आणि कुंडी बाहेरच राहू द्या. थंडी बघून आपल्याला दया येते, आपण ती हीटरशेजारी आणून ठेवतो. तिथे कंदाला लागणारी थंडी मिळत नाही, पात लांबलचक लोळते आणि कळी आतल्या आत वाळते. कडाक्याची थंडी सलग पडणार असेल तरच कुंडी भिंतीला टेकवा आणि भोवती बबल-रॅप गुंडाळा.

७. हिवाळ्यात

जमिनीतल्या कंदांना काहीच करावं लागत नाही. कुंडीत बोट घालून बघा, कोरडी असेल तर थोडं पाणी. फेब्रुवारीत कोंब बोटभर झाले की ग्रोमोरसारखं ७-७-७ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) खत चौरस मीटरला एक मूठ मातीवर पसरा.

एखाद्या सकाळी दहिवर गोठून सगळे दांडे जमिनीला टेकलेले दिसतील. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा काठ्या घेऊन एकेक फूल बांधायला बसले होते आणि त्यात चार दांडे मोडले. हात लावू नका. ऊन चढलं की दुपारपर्यंत ते आपोआप उभे राहतात.

८. फुलं आली की

घरात ठेवायला कापायची असतील तर कळी पिवळी होऊन मान वाकवते त्या अवस्थेत कापा. पात कापू नका, फक्त दांडा. इतर फुलांबरोबर लगेच ठेवू नका. कापलेल्या दांड्यातून चीक सुटतो आणि त्यानं शेजारची गुलाब-ट्यूलिपची फुलं लवकर मान टाकतात. आधी एक रात्र वेगळ्या पाण्यात ठेवा, मग पुन्हा न कापता एकत्र करा. पाडव्याला गुढीला आणि दाराच्या तोरणाला मी हीच फुलं लावते. नैवेद्याच्या ताटाजवळ मात्र ठेवत नाही.

९. फुलांनंतरचे सहा आठवडे

आता महत्त्वाचा भाग. फूल सुकलं की त्याच्यामागचा हिरवा फुगा, म्हणजे बी धरण्याची जागा, नखानं खुडून टाका. नाहीतर झाडाची ताकद बी भरण्यात जाते. दांडा हिरवा असेल तोवर राहू द्या, तोही अन्न करतो.

पातीला हात लावायचा नाही. निदान सहा आठवडे, आणि खरं तर ती आपणहून पिवळी होऊन आडवी पडेपर्यंत. कांद्याच्या माना पडेपर्यंत आपण काढणी करत नाही, तसंच. पात हिरवी आहे म्हणजे खाली कंद भरतो आहे. आमच्याकडे कांद्याला डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, आला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते, कारण दांड्यानं ताकद खाल्ली की कांदा पोसत नाही. डॅफोडिलमध्ये आपल्याला दांडाही हवा आणि कंदही, म्हणून फुलानंतर त्याला भरायला सवड द्यावीच लागते.

माझ्या दोन वर्षांच्या नुसत्या पातीचं कारण इथे होतं. एप्रिलच्या शेवटी गवत कापायला येणाऱ्या माणसानं फुलं संपलेली बघून पातीवरून यंत्र फिरवलं. पुढच्या वर्षी मीच पात नीटनेटकी दिसावी म्हणून वेणीसारखी गुंफून रबरबँड लावले. इथे बऱ्याच बागांत तसं केलेलं दिसतं. गुंफलेल्या पातीला ऊन कमी मिळतं, म्हणजे कंद पुन्हा उपाशी. तेव्हापासून मी पुंजक्याभोवती चार काड्या आणि सुतळी लावते, आणि गवत कापणाऱ्याला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवते: जून लागेपर्यंत इथे यंत्र नाही.

पात अस्ताव्यस्त दिसते हे खरं आहे. पुढे जिरेनियम किंवा उशिरा वाढणारी दुसरी पानाळ झाडं लावा, ती वर येतात तशी पात झाकली जाते.

याच काळात पाणी द्या. एप्रिल-मे कोरडे गेले आणि माती भेगाळली, तर आत घडणारी कळी सुकते. लोक फुलं असताना पाणी घालतात आणि फुलं गेली की नळी गुंडाळून ठेवतात. नेमकं उलटं हवं. कुंड्यांना आठवड्यातून एकदा टोमॅटोचं खत, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, पात पिवळी पडेपर्यंत. त्यातलं पोटॅश कंदाला मिळतं. पात वाळायला लागली की पाणी आणि खत दोन्ही बंद.

१०. नुसती पात आली, फूल नाही: कारण शोधा

- मागच्या वर्षी पात लवकर कापली किंवा बांधली. उपाय: यंदा नीट जपा, एक-दोन वर्षांत फुलं परततात.
- कंद वर-वर आहेत. पात वाळल्यावर काढून खोल लावा.
- पुंजका फार दाट झाला आहे. पायरी ११ बघा.
- सावली वाढली. शेजाऱ्याचं कुंपण किंवा झाड उंच झालं का ते पाहा.
- कंद मऊ आणि आत पोकळ लागतो. कापून बघा. आत एकच जाड पांढरट अळी आणि तपकिरी चोथा असेल तर ती नार्सिसस माशीची अळी. ही माशी भुंग्यासारखी केसाळ दिसते, मे-जूनच्या उन्हात वाळणाऱ्या मानेजवळ अंडी घालते. पात पडली की मानेपाशी राहिलेली भोकं माती दाबून बुजवा, तिला वाट मिळत नाही.
- कापल्यावर बुडाकडून वर चढणारी चॉकलेटी सड दिसली तर ती बुरशी. आडव्या कापात तपकिरी कड्या दिसल्या आणि पातीवर पिवळट गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे अगदी बारीक किडे.

शेवटच्या दोन्हींवर घरगुती औषध नाही. असे कंद आणि भोवतालचे कंद काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टच्या ढिगात नाही, आणि त्या जागी काही वर्षं डॅफोडिल लावू नका. मोठे उत्पादक सूत्रकृमी मारण्यासाठी कंद सुमारे ४४ अंशांच्या पाण्यात तीन तास ठेवतात. ते नेमकं तापमान घरच्या बादलीत सांभाळता येत नाही. एखाद-दोन अंश इकडे-तिकडे झाले की कंद तरी मरतो नाहीतर किडा तरी वाचतो.

११. कंद काढणं आणि वाटणं

दरवर्षी काढायची गरज नाही. तीन-चार वर्षांनी पुंजका दाट होतो, फुलं लहान होतात, तेव्हा जूनच्या शेवटी, पात पूर्ण वाळल्यावर काढा. फावडं पुंजक्यापासून वीतभर लांब रोवा, नाहीतर कंद चिरले जातात. माती झटका, धुऊ नका. जी पिल्लं हातानं सहज सुटतात तीच सोडवा. ओढून तोडलेल्या जखमेतून सड शिरते. कडक उन्हात पसरू नका, सावलीत वाऱ्यावर वाळवा. मग मऊ, डागाळलेले बाजूला काढा, मोठे वेगळे आणि गोल्टी वेगळी करा. मोठे सप्टेंबरात पुढच्या बाजूला, गोल्टी मागच्या कोपऱ्यात. गोल्टीला फुलायला दोन-तीन वर्षं लागतात.

महाराष्ट्रात लावायचे असतील तर

आईनं जाताना चार कंद मागितले होते. मी दिले नाहीत, आणि तुम्हीही सामानात घालून नेऊ नका. भारतात रोपं, कंद, बी आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि निघाल्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. वर सांगितलेले सूत्रकृमी आपल्या कांद्या-लसणालाही लागतात, हे कांदेवाल्याच्या घरातल्या माणसानं तरी विसरू नये.

दुसरं असं की थंडी पुरत नाही. महाबळेश्वरची थंडी आपल्याला झोंबते, पण कंदाला हवेत ९ अंशांखालचे सलग तीन-चार महिने. भारतात ऑनलाइन कंद मिळतात. त्यातले साधे डॅफोडिल लावायचे तर कुंडीसकट फ्रिजमध्ये १२ आठवडे ठेवावे लागतात, तेही सफरचंद-केळ्यांपासून लांब, कारण पिकणाऱ्या फळांच्या वायूनं आतली कळी मरते. आणि भाज्यांपासूनही लांब, ते का ते वर आलंच आहे. एवढं करून एकदा फूल येईल, पुढच्या वर्षी बहुधा नाही. त्यापेक्षा 'पेपरव्हाइट' घ्या. हा काश्मिरात दिसणाऱ्या नर्गिसचा जवळचा भाऊबंद. डिसेंबरात उथळ वाडग्यात खडी भरा, कंद अर्धे रुतवा, पाणी बुडाला जेमतेम टेकेल इतकंच ठेवा आणि वाडगा घरातल्या गार, उजेडाच्या खिडकीत ठेवा. मुळं फुटून सहा ते दहा आठवड्यांत फूल येतं.

आणि दारात कायमचं काही हवं असेल तर निशिगंध. एप्रिल-मे मध्ये, उन्हात, पाण्याचा निचरा होणाऱ्या वाफ्यात ५ ते ६ सेंमी खोल लावा. आईच्या अंगणात विहिरीच्या कडेला त्याचा वाफा आहे.